भेडाघाट : वल्ह्यांवर चालणारं गाव

जबलपूरपासून तासाभराच्या अंतरावर नर्मदा संगमरवराच्या कड्यांमधून वाट काढते. ते पाहायला देशभरातून माणसं येतात, आणि त्यांना ते दाखवण्यावर एक अख्खं गाव पोट भरतं.

पंचवटी घाटाच्या पायऱ्या उतरता उतरताच नावाड्यांचा गराडा पडतो. अख्खी नाव हवी की सगळ्यांबरोबर बसणार? अर्धी फेरी की पार बंदरकूदनीपर्यंत? आजोबांना हात धरून कोण उतरवणार? दहा प्रश्न एकदम. नागपूरहून, अमरावतीहून, इंदूरहून आलेली कुटुंबं आधी जरा बिचकतात, मग घासाघीस करतात आणि शेवटी बसतात. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले जातात, कुणाची तरी चप्पल पाण्यात पडता पडता वाचते, वल्ही पाण्यात शिरतात आणि नाव काठ सोडते.

पहिली काही मिनिटं विशेष काही घडत नाही. नदी रुंद आणि संथ. मुलं पाण्यात हात घालतात, आया ओरडतात. मग एक वळण येतं आणि दोन्ही बाजूंनी कडे उभे राहतात. पांढरेशुभ्र, राखाडी, कुठे गुलाबीसर, कुठे पिवळट, मध्येच काळपट हिरव्या पट्ट्यांचे. शंभर फुटांच्या आसपास उंच, आणि खाली त्यांचंच थरथरणारं प्रतिबिंब. नावेतली बडबड आपोआप थांबते. आणि नेमक्या त्याच क्षणी नावाड्याची बडबड सुरू होते!

ही बडबड म्हणजे भेडाघाटचं अर्धं वैभव. एक जण वल्हं मारतो, दुसरा बोलतो. कधी एकच माणूस दोन्ही कामं करतो. बोलणं सगळं यमकात. तालासुरात, थोडं कीर्तनकारासारखं, थोडं जत्रेतल्या बायोस्कोपवाल्यासारखं. हा पाहा हत्तीचा पाय, ती पाहा शंकराची जटा, तिकडे मान वळवा म्हणजे अमुक नटाचं नाक दिसेल. इथे अमका सिनेमा झाला, त्या खडकावर तमकी नटी बसली होती. मध्येच नवरा-बायकोवर एक कोटी, सासूवर एक, महागाईवर एक. पाण्याची खोली किती, हे विचारलं तर जो आकडा मिळतो तो पाहुण्यांचे डोळे किती मोठे होतात यावर ठरत असावा. कुणी शंका घेतली, तर स्वतः उतरून मोजून पाहा असा सल्लाही यमकातच!

हे कुठे लिहिलेलं नाही. बापाच्या नावेत बसून मुलानं ऐकलं, पाठ केलं, त्यात आपल्या काळातला सिनेमा आणि आपल्या काळातला पुढारी घातला. जुनी वाक्यं गळाली, नवी आली. मुंबईच्या लोकलमधल्या फेरीवाल्याची आरोळी जशी त्याची स्वतःची असते, तसंच हे. फक्त इथे श्रोता उतरून जाऊ शकत नाही.

नाव गंगेचं, नदी नर्मदा

नावाड्यांच्या सिनेमाच्या गोष्टी मात्र बहुतेक खऱ्या आहेत. राज कपूरच्या १९६० सालच्या ‘जिस देश में गंगा बहती है’मधलं ‘ओ बसंती पवन पागल’ हे गाणं याच कड्यांमध्ये चित्रित झालं. सिनेमाच्या नावात गंगा, पडद्यावर नर्मदा! कुणाची तक्रार नव्हती. एक्केचाळीस वर्षांनी, २००१ साली आलेल्या ‘अशोका’तल्या गाण्यासाठी राज कपूरचीच नात करीना इथे आली. २०१६ सालच्या ‘मोहेंजो दारो’त हृतिक रोशन मगरीशी झुंजतो, तेही इथेच. खरी मगर नव्हती हे नावाडी सांगायला विसरतात.

नाव प्रवाहाच्या उलट दिशेनं वर सरकत असते. पण घळीत प्रवाह जाणवत नाही, इतकं पाणी संथ. एका ठिकाणी कडे असे फिरतात, की पुढे तीन वाटा दिसतात आणि त्यातली खरी कोणती ते कळत नाही. ही भूलभुलैया. आणि त्यापलीकडे बंदरकूदनी. इथे दोन्ही कडे एकमेकांच्या इतके जवळ येतात, की एकेकाळी माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारायची, असं सांगतात. आज कुणी माकड ते धाडस करील असं वाटत नाही. शतकानुशतकं पाण्यानं घासून दोन्ही काठ मागे सरकले, असं नावाडी म्हणतो आणि वल्हं फिरवतो. इथून नाव परत.

या दगडाबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. ताजमहालाचा संगमरवर इथला, असं अनेक पाहुणे एकमेकांना छातीठोकपणे सांगतात. तो राजस्थानातल्या मकराण्याचा. भेडाघाटचा दगड मॅग्नेशियमयुक्त चुनखडीपासून बनलेला, शे-दीडशे कोटी वर्षांहूनही जुना. पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि दाब यांनी चुनखडीचा संगमरवर केला. त्याला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस वर चढून थिजला. पांढऱ्या कड्यावरचे ते काळपट पट्टे म्हणजे तो थिजलेला शिलारस. नर्मदेनं हे सगळं करवतीसारखं कापत नेलं.

मधमाश्यांचा दरारा

कड्यांच्या खोबणींत वर पाहिलं, तर काळी, लोंबणारी पोळी दिसतात. आग्या मोहोळ! इथे कुणी फटाका, बंदूक, आरडाओरडा असलं काही करू नये, हे नावाड्यांच्या पोरांना बाराखडीआधी कळतं.

याला एक जुनी, खरी आणि दुःखद कहाणी आहे. कॅप्टन जेम्स फोरसिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं मध्य भारतातल्या जंगलांवर एक पुस्तक लिहिलं. ते १८७१ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यानं चांदण्यातल्या या कड्यांचं भरभरून वर्णन केलं आहे, आणि ही हकिगतही सांगितली आहे. रेल्वेमार्ग नर्मदेवरून कुठून न्यावा याची पाहणी करायला दोन इंग्रज इंजिनियर या घळीत आले असताना मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडल्या. दोघांनी पाण्यात उड्या घेतल्या. एक वाचला. दुसरा, बॉडिंग्टन नावाचा, बुडाला. त्याला तिथेच जवळ पुरलं.

रेल्वे पुढे आली ती आलीच. मुंबईहून येणारा आणि कलकत्त्याहून येणारा असे दोन लोहमार्ग १८७० साली जबलपूरला जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता सरळ गाडी सुरू झाली.

कोजागरी, पण दुधाआधी नाव

घरोघरी गच्चीवर दूध आटवण्याच्या रात्री भेडाघाटला वेगळीच धांदल असते. कोजागरीला, म्हणजे तिकडच्या शरद पौर्णिमेला, इथे नर्मदा महोत्सव भरतो. गाणं-नाचणं असतं, गर्दी असते. पण खरी मौज पौर्णिमेच्या रात्री घळीत. दिवसा नुसते पांढरे दिसणारे कडे चांदण्यात आतून उजळल्यासारखे दिसतात, काळे पट्टे नाहीसे होतात, आणि वाचाळ नावाडीसुद्धा जरा आवाज खाली आणतो. फोरसिथला जे दिसलं ते यापेक्षा वेगळं नसणार.

मात्र कोजागरीची नाव मिळेलच अशी खात्री धरून जाऊ नये. ती पाण्यावर अवलंबून. पावसाळा लांबला, वरच्या बरगी धरणातून पाणी सुटलं, की नावा बंद. त्या वर्षी चांदणं काठावरून पाहायचं.

आणि इथेच या गावाचं दुखणं आहे. साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत घळीतलं नौकानयन बंदच असतं. नदी त्या दिवसांत वेगळीच बाई होते. ज्या घळीत पाणी हलतानाही दिसत नाही, तिथून गढूळ लोंढा असा धावतो की काठावर उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. नावा वर ओढून ठेवल्या जातात, उलट्या घालून त्यांची डागडुजी होते. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही तो जबलपूरला मजुरी शोधतो. उरलेल्या महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे, हा केवटांच्या घरचा हिशेब. घाटावरची त्यांची घाई, गिऱ्हाइकासाठीची ती ओढाताण पाहून पाहुणे वैतागतात. वैतागण्याआधी हा हिशेब एकदा मनात करून पाहावा.

बरगी धरणाची गोष्टही या नदीकाठी टाळता येत नाही. नर्मदेवर बांधलेल्या मोठ्या धरणांतलं हे पहिलं पूर्ण झालेलं. १९९० च्या सुमारास ते भरलं आणि १६२ गावांना त्याची झळ बसली. त्यातली कितीतरी माणसं जमीन गेल्यावर जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागली. धरणाच्या जलाशयाची सहल आता जबलपूरच्या पर्यटनात मोडते. निळंशार, क्षितिजापर्यंत पसरलेलं पाणी, दिसतं देखणं. त्याच्या तळाशी काय आहे, ते सहलीच्या पत्रकात नसतं.

धुवाँधार : पाहावं, पण हातभर दुरून

घाटावरून दोनेक किलोमीटरवर धुवाँधार. रस्त्याच्या शेवटच्या भागात चालत जावं लागतं. दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकानं आणि कुठूनतरी येणारी घरघर. आधी वाटतं, एखादी गिरणी चालू असावी. दुकानं संपतात, खडक सुरू होतात, आणि समोर नर्मदा एका अरुंद जागी अंग चोरून खाली झोकून देते. पाण्याचे तुषार इतके उंच आणि इतके दाट उडतात, की ते धुरासारखे दिसतात. म्हणून धुवाँधार. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या धुरात इंद्रधनुष्य उभं असतं, आणि ते पाहायचं तर सकाळीच जायला हवं. दुपारी फक्त गर्दी.

एक गंमत अनेकांना माहीत नसते. भर पावसाळ्यात धबधबा पाहायला जाणारा माणूस इथे फसतो. आपल्याकडे ठोसेघर म्हणा, आंबोली म्हणा, पाऊस जितका जास्त तितका धबधबा मोठा. धुवाँधारचं उलटं. महापूर आला की खालची घळच पाण्यानं तुडुंब भरते, वरचं आणि खालचं पाणी एका पातळीवर येतं, आणि धबधबा चक्क गायब होतो! तो पुन्हा प्रकटतो पाऊस ओसरल्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्याचे बहराचे दिवस.

धबधब्याजवळ कठडे आहेत, सज्जे आहेत, पाट्या आहेत. नदीवरून पलीकडच्या काठाला जाणारा रोपवे आहे. त्यातून हे सगळं पक्ष्याच्या नजरेनं दिसतं, आणि वृद्धांना तर तोच मार्ग सोयीचा. तरीही माणसं कठडा ओलांडतात. एक पाय पुढे, एक हात वर, हातात मोबाइल. पूर्वी कॅमेरा असायचा, म्हणून निदान फोटो काढणारा दुसरा कुणीतरी मागे उभा असे. आता माणूस स्वतःचाच फोटो काढतो आणि पाठ धबधब्याकडे असते.

हे खडक वरून कोरडे दिसतात. पण तुषारांनी सतत भिजून, पाण्यानं घासून ते साबणासारखे गुळगुळीत झाले आहेत. आणि खाली पडलेल्या माणसाला पोहता येतं की नाही, या प्रश्नाला तिथे अर्थ नसतो. कोसळतं पाणी तळाशी भोवरा धरतं, माणसाला खाली दाबतं आणि घळीच्या कपारींत ढकलतं. अपघाताच्या बातम्या अधूनमधून येतातच. जवळजवळ प्रत्येकीत एकच तपशील असतो : फक्त एक पाऊल पुढे गेला होता.

मग ती मुलं? इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती भेटतात. गावातली, दहा-पंधरा वर्षांची, सडपातळ, ओल्या चड्डीतली. पाहुण्यांजवळ येतात, वरच्या कड्याकडे बोट दाखवतात. पैसे द्या, उडी मारतो. कधी नाणं पाण्यात टाकायला सांगतात आणि ते शोधून वर आणतात. वर्षानुवर्षं हे चाललं आहे. आताच्या मुलांच्या बापांनीही लहानपणी हेच केलेलं असतं.

मुलं विलक्षण पटाईत असतात, यात वाद नाही. कुठल्या खडकावरून, कुठल्या महिन्यात, पाणी किती असताना उडी मारायची हे त्यांना जितकं कळतं तितकं कुठल्या पोहण्याच्या प्रशिक्षकालाही कळणार नाही. पाहुणे टाळ्या वाजवतात, नोट पुढे करतात, एखादा गृहस्थ आणखी उंचावरून मारण्यासाठी दुप्पट देऊ करतो. इथे मात्र थांबायला हवं. त्या दुप्पट पैशांत पोरगं ज्या खडकावर चढतं तो त्याच्या रोजचा खडक नसतो. शिवाय सहलीचे दिवस तेच शाळेचे दिवस. मुलाच्या हातावर काही ठेवायचंच असेल, तर वाट दाखवल्याचे, चपला सांभाळल्याचे, पाठ केलेली कमेंट्री ऐकवल्याचे ठेवावेत. ती कमेंट्री यांनाही येते, आणि मोठ्यांपेक्षा जास्त झोकात!

शंभर पायऱ्यांवरच्या योगिनी

थकलेली मंडळी बहुधा एक गोष्ट सोडून देतात : टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं मंदिर. शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघे कुरकुरतात. पण भेडाघाटला येऊन हे मंदिर न पाहता परतणं म्हणजे पंगतीतून गोड पदार्थाआधी उठणं.

वर पोचलं की एक गोल प्रांगण दिसतं, डोक्यावर उघडं आकाश. देवळाला छप्पर असावं ही आपली कल्पना इथे मोडते. प्रांगणाला वेढणाऱ्या गोल भिंतीला आतून ओवऱ्या आहेत. एकूण ८१, चौसष्ट नव्हेत. प्रत्येकीत दगडात कोरलेली एकेक देवता. कुणी सौम्य, कुणी उग्र, कुणी प्राण्याच्या तोंडाची. कित्येकींच्या बैठकीवर त्यांची नावं खोदलेली आहेत. जवळजवळ साऱ्या भग्न. हात नाहीत, नाकं नाहीत, काहींना शिरच नाही. तरी दागिन्यांची कलाकुसर, बोटांचा डौल, वाहनांचे चेहरे असे जिवंत की पाहणारा एकेका ओवरीसमोर थबकतो.

दहाव्या शतकात कलचुरी राजांच्या काळात हे उभं राहिलं. मधलं गौरीशंकराचं देऊळ नंतरचं. कलचुरी राणी अल्हणदेवीनं ११५५ साली केलेल्या दानाचा शिलालेख भेडाघाटलाच सापडला. गाभाऱ्यातली मूर्ती आगळी आहे. शंकर आणि पार्वती दोघं नंदीवर बसून निघाली आहेत, लग्नाच्या वरातीसारखी. तिथे आजही पूजा होते. आणि बाहेर पायरीवर उभं राहिलं, की खाली नर्मदेचं वळण दिसतं. सगळी दमणूक तिथे उतरते.

कलचुरींची राजधानी त्रिपुरी, आजचं तेवर, जबलपूरहून भेडाघाटला येतानाच रस्त्यात लागते. तेवर म्हटलं तर कुणाला काही आठवत नाही. त्रिपुरी म्हटलं की जुन्या पिढीला लगेच आठवतं. १९३९ सालचं काँग्रेस अधिवेशन! सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले ते हेच. तापानं फणफणलेले सुभाषबाबू आजारी अवस्थेतच या अधिवेशनाला आले होते. अध्यक्षाच्या मिरवणुकीसाठी बावन्न हत्ती जमवले होते, पण अध्यक्षाला हत्तीवर बसवेना. काही आठवड्यांतच त्यांनी राजीनामा दिला.

हाडं, जी कुणाचीच वाटेनात

भेडाघाटच्या थोडं वरच्या अंगाला लमेटाघाट. इथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. परिक्रमावासी येतात, स्नान करतात, ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे चालू लागतात. पण जगभरच्या भूशास्त्रज्ञांना हे नाव ठाऊक आहे. इथल्या खडकांच्या थराला त्यांनी ‘लमेटा’ हेच नाव दिलं, आणि आता तो कुठेही सापडला तरी लमेटाच.

या थरांत डायनोसॉर आहेत. १८२८ साली जबलपूरला असलेल्या कॅप्टन स्लीमनला, पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी गाजला तोच, लष्करी छावणीजवळ काही प्रचंड हाडं मिळाली. कुठल्या प्राण्याची, ते कुणालाच सांगता येईना. येणार कसं? ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी १८४२ साली जन्माला आला! १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञानं जबलपूरच्या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं, आणि १९३३ साली फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी इथल्या आणखी जातींचं वर्णन प्रसिद्ध केलं. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी या काठावर लांब मानेचे महाकाय प्राणी चरत होते.

मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. लमेटाचे थर आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही आहेत, आणि तिथेही डायनोसॉरचे अवशेष सापडले आहेत. या थरांवर लाव्हाचे थर पसरले. तो लाव्हा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर. रायगड ज्या दगडाचा, त्याच लाव्हाचं टोक जबलपूर-मंडल्यापर्यंत येऊन थांबलं आहे.

२०२१ साली भारतानं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जी नावं घातली, त्यात भेडाघाट-लमेटाघाट होतं. त्याच खेपेला मराठ्यांच्या किल्ल्यांचंही नाव गेलं होतं. किल्ले २०२५ साली मूळ यादीत पोचले. त्या वर्षी भेडाघाट मात्र संभाव्य यादीतच होतं.

दगडाची पावडर, नाकातोंडात

धुवाँधारच्या वाटेवरच्या दुकानांत घासाघीस जोरात चालते. गणपती, शिवलिंगं, हत्तीच्या पोटात हत्ती, अगरबत्तीची घरं, आणि मागणीप्रमाणे नाव कोरून देणं. यातल्या बऱ्याच वस्तू मऊ दगडाच्या, शंखजिऱ्याच्या, असतात. नखानं ओरखडा उठतो का पाहावं. उठला तर तो संगमरवर नाही. म्हणून फसवणूक झाली असं नव्हे. मऊ दगड आहे म्हणूनच इतकं बारीक जाळीकाम इतक्या स्वस्तात होतं. फक्त किंमत मऊ दगडाची द्यावी.

दुकानांमागे डोकावलं तर कारागीर दिसतात. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. दिवसभर दगडाची भुकटी उडत असते आणि नाकावर फार तर एक फडकं. भुकटी छातीत बसते, हे त्यांनाही माहीत आहे. आत एखादा हसून सांगेल की मैया सांभाळते. सांभाळो.

जबलपूर गाठायचं तर

जबलपूर मराठी माणसाला तसं जुन्या ओळखीचं. १७८१ साली ते सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेलं. शहराला ‘संस्कारधानी’ म्हणणारे विनोबा. गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन इथल्या तिलवारा घाटावरही झालं, तिथे त्यांचं स्मारक आहे. आणि नर्मदेच्या काठानं पायी हिंडून तिच्यावर अप्रतिम लिहिणारे, तिची चित्रं काढणारे अमृतलाल वेगड याच शहरात राहायचे. १९७७ मध्ये त्यांनी चालायला सुरुवात केली. २०१८ साली ते गेले.

मुंबईहून भुसावळ-खंडवा-इटारसीमार्गे रात्रभराच्या प्रवासात जबलपूर येतं. नागपूरहून सिवनीमार्गे उत्तम रस्ता आहे. गोंदियाची मजा निराळी होती. बालाघाट-नैनपूरच्या जंगलांतून जाणारी नॅरोगेज गाडी म्हणजे विदर्भातल्या कितीतरी जणांचं बालपण. ती गेली, आता तिथे ब्रॉडगेज आहे. वेळ वाचतो, मोराला खिडकीतून जवळून पाहण्याची चैन गेली.

शहरात एक दिवस ठेवावा. मदनमहालचा गोंड राजांचा छोटा किल्ला आणि त्याच टेकडीच्या पायथ्याची ती अधांतरी शिळा पाहावी. एक अजस्र दगड दुसऱ्यावर बोटभर टेकलेला. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ रिश्टरचा भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली. ती शिळा हलली नाही! संध्याकाळी ग्वारीघाटला नर्मदेची आरती. खाण्यात खव्याची जलेबी चुकवू नये. ती काळपट दिसते म्हणून नाकं मुरडणारे दुसऱ्या घासाला गप्प होतात. आणि गोवऱ्यांवर भाजलेली गक्कड आणि वांग्याचं भरीत मिळालं, तर खानदेशी मंडळींना बट्टीची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

भेडाघाटला मुक्काम करता येतो. पर्यटन महामंडळाची राहण्याची सोय आहे. मुक्काम केलाच, तर पहाटे धुवाँधार, सकाळी योगिनी आणि नाव अगदी शेवटी, उन्हं कलताना. त्या वेळी कडे पिवळे, मग केशरी, मग निळसर होत जातात. लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय नावेत पाय ठेवू नये आणि वल्हं मारणाऱ्याशी दराबाबत काठावरच बोलून घ्यावं. घळीत गेल्यावर तो कवी असतो, त्याच्याशी व्यवहार होत नाही.

परतीच्या वाटेवर नाव आपसूक वाहत येते. बोलणारा नावाडी पाण्याचा घोट घेतो, घसा मोकळा करतो. बंदरकूदनीला हसून हसून लोटपोट झालेली पोरं आता पेंगुळलेली असतात. नाव घाटाला लागते, जॅकेटं सोडली जातात, ओली ओलीच पुढच्यांच्या अंगावर चढतात. नवी दहा माणसं बसतात. काठावर पहिल्या फेरीतली एखादी आजी अजून पायऱ्या मोजत चढत असते, तोवर खालून पुन्हा तोच आवाज येऊ लागतो, तेच यमक, तोच हत्तीचा पाय.